चौथ्या कोपऱ्याचा दगड

१

सगुणा परसदारानं आली, तेव्हाच मी ओळखलं की घरात काहीतरी नासलंय. चांगली बातमी गोठ्यातून वाट काढत येत नाही. तिच्यामागं तिचा थोरला पोरगा भुजंग, मान खाली घालून. दोघं माझ्यापुढं बसली आणि सगुणानं पदराचा बोळा तोंडाशी धरून सांगितलं, धाकट्या सुनेला दिवस गेलेत.

सुनेला दिवस जाणं ही काय रडायची गोष्ट आहे? पण धाकटी सून म्हणजे बेबीनंदा, आणि तिचा नवरा शिवाजी दिवाळीच्या पाडव्याला ऊसतोडीची टोळी घेऊन कोल्हापूरकडच्या कारखान्याला गेला, तो अजून आला नव्हता. तो टोळीचा मुकादम. मजुरांच्या बायका कोयता घेऊन नवऱ्यासोबत जातात, मुकादमाची बायको घरी राहते. आणि आता फाल्गुन सरत आला होता.

सगुणा माझी धाकटी जाऊ. चुली वेगळ्या झाल्या, पण भावकीत काही बरंवाईट झालं की शेवटचा शब्द गिरिजाबाईचा, हे आमच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. शाळेत मी पाटी फुटेपर्यंत गेले आणि पाटी लवकर फुटली. त्यानं माझं काही अडलं नाही. मायलेक विचारायला आली नव्हती हेही मला दिसत होतं. निकाल घरीच लावून आणला होता, माझा फक्त अंगठा पाहिजे होता. उद्या सकाळच्या गाडीनं पोरीला परतूरला माहेरी नेऊन सोडायचं आणि परत आणायचं नाही.

कशावरून, म्हणून मी विचारलं. सगुणा बोटं मोडत सांगू लागली. कुरडया घातल्या त्या दिवसापासून उलट्या. भोवळ येते. भिंतीला धरून चालते. काल हापशावर डोक्यावरची भरली घागर पडली, उभ्या बायांच्या पायांवर.

"सगळं गाव बघून राह्यलं व्हतं, आक्का."

बाप्या कोण, हेही त्यांनी ठरवलं होतं. धर्मराज मास्तर. शिवाजीनंच जाताना बायकोचा दहावीचा बाहेरून फॉर्म भरला होता आणि मास्तरला शिकवायला सांगितलं होतं. दुपारी तो ओसरीत तासभर बसायचा. त्यात मास्तर बौद्धवाड्यातला, म्हणून बोट तिकडं जरा लवकरच वळलं.

"शिवाजीला कळवलं का?" मी विचारलं.

"न्हाई अजून. अंबडला जाऊन फोन करतो," भुजंग जमिनीकडं बघत म्हणाला.

मी सांगितलं, गाडी उद्याचीच धरायची असं काही लिहून ठेवलेलं नाही. आधी मी पोरीला बघते. मग उठले आणि त्यांच्या घरी गेले. बेबीनंदा पाणी घेऊन स्वयंपाकघरातून ओसरीत आली. तिला चालताना बघितलं, आणि पोटाची गोष्ट माझ्या डोक्यातून तिथंच गेली.

२

पोर पाय फाकून चालत होती. काळ्या रानात पाऊस पडल्यावर माणूस चालतं ना, पाय घसरेल म्हणून आधी चाचपायचं आणि मग वजन टाकायचं, तसं. अंगण कोरडं ठक्क होतं. एक हात भिंतीला. वळायचं आलं की मान वळत नव्हती, सगळं अंग एकदम वळायचं, बैलगाडी वळवावी तसं.

मी सहा बाळंतपणं काढलीत आणि गावातली किती बघितली त्याचा हिशेब नाही. दिवस गेलेल्या बाईला भोवळ येते. ती मटकन बसते, जरा वेळानं उठते आणि पहिल्यासारखी चालायला लागते. तिची चाल बदलते ती पोट पुढं आल्यावर. ही पोर काडीसारखी, आणि चाल कोणाची तरी उसनी आणल्यासारखी.

तांब्या घेऊन ती अर्ध्या वाटेत असताना मी सहज विचारलं, आई बरी आहे का. ती थांबली. भिंतीला टेकली. मग म्हणाली, बरी हाय. पुन्हा निघाली. मी विचारलं, अभ्यास कुठवर आला. पुन्हा थांबली, आणि थांबतानाही तोल गेला. तांब्यातलं पाणी लुगड्यावर सांडलं.

चालताना बोलत नव्हती आणि बोलताना चालत नव्हती.

ही चाल मी आधी एकदा बघितली होती. माझा भाऊ अप्पाराव पहिलवान होता. अंबडच्या जत्रेत एका गड्यानं त्याला डोक्यावर आपटला. उठला, हसला, नारळ घेतला आणि घरी आला. त्यानंतर किती दिवस तो असाच चालायचा. नुसता चालला तर सावकाश का होईना चालायचा. बोलवलं की उभा राहायचा, विचार केला की पाय भरकटायचा. लोक म्हणायचे, पहिलवानानं हातभट्टीची लावली. त्यानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. उलट्याही त्याला झाल्या होत्या, आणि त्याला दिवस गेले असं कोणी म्हणालं नव्हतं.

म्हणजे हिच्या डोक्याला मार होता. पण मार लागला असता तर घरात कोणी बोललं असतं. चार माणसांच्या घरात एकानंही ते सांगितलं नव्हतं.

३

मी पोरीला जवळ बसवलं आणि हळू विचारलं, पडलीस का कुठं, लागलं का. ती माझ्याकडं बघत राहिली. कुरडयांच्या दिवशी दुपारी भूगोलाचं पुस्तक उघडलं, एवढं तिला आठवत होतं. स्वयंपाकघरात उजेडाखाली बसून वाचत होती. पुढचं आठवतं ते संध्याकाळी अंथरुणावर पडलेली आणि तोंडाला कडू पाणी सुटलेलं. मधली दुपार कोणी कात्रीनं कापून नेल्यासारखी.

"मास्तर आल्ते का त्या दिवशी?"

"आठवत न्हाई, मोठी माय."

बाईनं आठवत नाही म्हणलं की लोक त्याचा एकच अर्थ काढतात. सगुणानं दारातून सुस्कारा टाकला, तो मला ऐकू यावा म्हणूनच.

तेवढ्यात मालन आली. मालन भुजंगाची बायको, घरातली थोरली सून. तेलाची वाटी आणि फणी घेऊन. कामाची बाई, अख्खं घर तिच्या मानेवर. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "रोज मीच वेणी घालते, मोठी माय. हिला हात वर करवत न्हाईत. बहिणीसारखी हाय मला."

बरं वाटलं ऐकून. जावा-जावांत एवढी माया मी तरी बघितली नव्हती. मालननं मोठ्या हलक्या हातानं वेणी घातली. भांग जरा उजवीकडं काढला होता. पोर डोळे मिटून बसली.

बाहेर येऊन मी सगुणाला बाजूला घेतलं. दिवस गेलेत हे आधी तुझ्या मनात आलं का कोणी सुचवलं, म्हणून विचारलं. सगुणा जरा अडखळली. पहिली उलटी झाली तेव्हा तिला वाटलं होतं, शिळं खाल्लं असेल. मालननं कानात सांगितलं, सासूबाई, शिळं न्हाई, मला दुसरीच भीती वाटती.

मास्तरकडं मी स्वतः गेले. मी बौद्धवाड्यात दिवसाढवळ्या, डोक्यावर पदर घेऊन चालले तेव्हा पारावरच्या माना वळल्या. वळू दिल्या. धर्मराज मास्तर खोलीत पुस्तकं पोत्यात भरत होता. मला बघून उभा राहिला, बसा म्हणाला नाही.

"बाई, मी शपथ घेतली तरी तुम्ही मानणार न्हाईत, न घेतली तरी मानणार न्हाईत. मंग बोलून काय फायदा?"

मी म्हणलं, शपथ ठेव तुझ्याजवळ. कुरडयांच्या दिवशी तू आल्तास का, तेवढं सांग.

आला होता. नेहमीच्या वेळेला. पण ओसरीच्या पायरीवरच मालनबाईनं अडवलं. म्हणाली, झोपलीय ती, आज नको, आणि आता रोज नकोच. मालनबाईच्या हाताला ओलं शेण होतं, कोपरापर्यंत.

"सारवून राह्यल्या व्हत्या," मास्तर म्हणाला. "भर दुपारी."

कुरडयांच्या दिवशी बाईच्या हाताला गव्हाचा चीक असतो. शेण कशाला असेल?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगुणाच्या घरी कुरडया बघायला गेले. कुरडया बघायला जायला कोणाची परवानगी लागत नाही. शिडीनं माळवदावर चढले. गुडघे कुरकुरले, पण चढले.

आमच्याकडची जुनी घरं मातीच्या धाब्याची. वर सपाट माळवद, आणि स्वयंपाकघरावर उजेडासाठी एक भोक, माणसाचं डोकं जाईल एवढं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून भोकाभोवती मातीचा वीतभर उंच कठडा असतो. त्याच उजेडात पोर खाली वाचत बसायची. घरात दुसरीकडं अंधार.

माळवदावर जुनं लुगडं पसरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून लुगड्याच्या कोपऱ्यांवर दगड. ते दगड मी ओळखत होते. आमच्या काळ्या रानात गुळगुळीत दगड सापडत नाही. सगुणाच्या नवऱ्यानं ते चारही गोदावरीच्या पात्रातून आणले होते, लाडवासारखे गोल आणि करडे, वाटीएवढे. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. दरवर्षी कुरडयांना तेच चार निघतात.

तीन कोपऱ्यांवर तीन होते. चौथ्यावर पितळेचा तांब्या पालथा घातला होता.

कठड्याशी वाकून मी भोकातून खाली बघितलं. खालची जमीन जुनी सारवलेली, उन्हानं भेगा पडलेली. तिच्या मधोमध, भोकाच्या बरोबर खाली, ताटाएवढा गोल तुकडा ताजा सारवलेला. सारवण कोणी ताटाएवढं करतं का? बाई सारवायला बसली की भिंतीपर्यंत जाते.

चुलीजवळ पाण्याच्या घागरीला टेकू लावला होता. करडा, गोल, वाटीएवढा.

मी खाली उतरले, मालनला कुरडया छान झाल्यात म्हणून सांगितलं, आणि दुपारी सगळ्यांनी माझ्या अंगणात यायचं असा निरोप ठेवला. मास्तरलाही निरोप धाडला. भुजंगाची आधी समजूत काढायची गरज मला वाटली नाही.

५

दुपारी सगळे आले. मास्तर फाटकाबाहेरच उभा राहिला. त्याला आत ये म्हणून मला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं ते इतरांना ऐकू यावं म्हणून.

मी बेबीनंदाला सांगितलं, तुळशीपासून ओट्यापर्यंत चालत ये, तोंड मिटून. ती आली. हळू, पाय फाकून, पण आली. मग म्हणलं, आता परत जा, आणि जाता जाता माहेरच्या सगळ्यांची नावं सांग. कोणत्या पोरीला माहेरची नावं येत नाहीत?

आईचं नाव घेतलं. भावाचं घ्यायला तोंड उघडलं आणि पाय उभा राहिला. पुन्हा टाकला तो भलतीकडं पडला. भुजंगानं धरली नसती तर तुळशीवर गेली असती.

"आता बघा," मी म्हणलं. "दिवस गेलेली बाई चालता चालता अख्ख्या गावाला शिव्या देती. मी दिल्यात. पोट काही जिभेला आडवं येत न्हाई. हिच्या पोटात काही न्हाई, हिच्या डोक्यात मार हाय."

सगुणा म्हणाली, मार असता तर दिसला नसता का. मी पोरीला खाली बसवलं आणि वेणी सोडली. डाव्या कानाच्या मागं, जरा वर, सुपारीएवढं टेंगूळ, आणि केसांच्या मुळाशी वाळलेलं रक्त, तेलानं मऊ झालेलं. सगळ्यांना एकेक करून दाखवलं. बोट लागताच पोर कळवळली.

मग मी मालनकडं वळले. हिची वेणी रोज तू घालतेस, हे तूच मला सांगितलंस. मार डावीकडं आणि भांग उजवीकडं. फणी त्या टेंगळावरून जाऊ नये म्हणून तू रोज किती जपतेस, तेही मी डोळ्यांनी बघितलं. ज्या हाताला टेंगूळ माहीत नाही तो हात इतका हलका चालत नाही. टेंगूळ माहीत होतं, आणि सासूच्या कानात तू दिवस गेल्याचं घातलंस.

पण बाई कच्ची नव्हती. खाली बसली आणि रडत सांगू लागली. अपघात झाला, मोठी माय. वारं सुटलं, लुगडं वढलं गेलं, दगड गडगडत भोकातून खाली गेला. घरात दुसरं कोणी नव्हतं, मी घाबरले. रक्त पुसलं, रक्ताची जागा सारवली. तिला शुद्ध आली तर तिला काहीच आठवेना. मंग तोंड उघडायची हिंमत झाली न्हाई.

सगुणानं लगेच डोळे पुसले. भुजंगानं श्वास सोडला. अपघात म्हणलं की घर पुन्हा घर होतं. मास्तरसुद्धा खाली बघायला लागला. सगळ्यांना तिथंच थांबायचं होतं.

"मालन," मी म्हणलं, "भोकाला वीतभर कठडा हाय. गडगडत आलेला दगड कठड्याला अडतो, कठडा चढत न्हाई. तो उचलावा लागतो."

सगुणाचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

मालन सरळ बसली. मग डोळे कोरडे करून बोलली, आणि ते बोलणं मला अजून आठवतं, कारण त्यात पहिल्यांदा खोटं नव्हतं.

"वर उन्हात मी भाजून राह्यले व्हते. गहू मी भिजवला, चीक मी काढला, सोऱ्या मी दाबला. अन् खाली ती सावलीत पुस्तक वाचती. नवऱ्यानं फॉर्म भरला म्हणून. मला कोणी इचारलं का कधी, मालन, तुला वाचायचंय का? पुस्तकावर टाकायचा व्हता, मोठी माय. पुस्तक फाटावं, एवढंच. तिनं त्याच वक्ताला मान पुढं घातली."

पुस्तकावर टाकला का पोरीवर, ते तिचं तिला ठाऊक. पण दगड एका क्षणाचा असतो. त्यानंतर दररोज तेल लावून, भांग फिरवून ती गप्प बसली, आणि मास्तरसकट एका पोरीला गावाबाहेर काढायला निघाली. तो राग मला दगडापेक्षा जड वाटला, आणि मी तसं तिला तोंडावर सांगितलं.

६

त्याच दिवशी जीप करून पोरीला अंबडला डॉक्टरकडं नेलं. त्यानंही तिला जमिनीवरच्या फरशीच्या रेघेवरून चालवलं, डोळे मिटून उभं केलं, आणि म्हणाला, मेंदूला हादरा बसलाय, कवटी शाबूत आहे. आराम द्या, वजन उचलू देऊ नका, चाल आपोआप परत येईल. पोटाचंही तपासलं, काही नव्हतं. सगुणाच्या समाधानासाठी. मी नाही विचारलं.

पोरीला मी माझ्या घरी ठेवून घेतलं. मालनला मास्तरच्या दारात पाठवलं, भुजंगाला सोबत देऊन, दिवसाउजेडी, स्वतःच्या तोंडानं सांगायला. मास्तरनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. उन्हाळ्यात त्यानं बदली मागून घेतली. पोलिसात कोणी गेलं नाही. सगुणा म्हणाली, घरातली गोष्ट. मालन अजून त्याच घरात आहे, अजून अख्खं घर तिच्या मानेवर आहे. तिच्या हातचा चहा मी घेत नाही, एवढीच तिला शिक्षा.

बेबीनंदाची चाल सुधारत गेली. आधी भिंत सुटली. मग पाय जवळ आले. मी रोज अंगणात तिला चालवायची आणि काहीबाही विचारायची. ती थांबून उत्तर द्यायची, आणि पुन्हा चालायची.

मग एक दिवस सगुणा आणि भुजंग तिला परत न्यायला आले, नवं लुगडं घेऊन. भुजंग म्हणाला, अंबडला जाऊन शिवाजीला फोन केला, तिला घरीच ठेवा, मी येतोच म्हणाला.

"घरीच ठेवा म्हणाला?" मी विचारलं. "मंग आधी काय म्हणला व्हता?"

भुजंग पुन्हा जमिनीकडं बघायला लागला. माझ्याकडं परसदारानं येण्याआधीच तो अंबडला जाऊन फोन करून आला होता. शिवाजीनं ऐकलं होतं आणि दोन शब्द बोलला होता. धाडून द्या.

बेबीनंदा दारात उभी होती. तिनं ऐकलं. आत गेली आणि पुस्तकं पिशवीत भरायला लागली. सगुणा तिच्या मागं मागं, अगं पोरी, माणूस आहे, रागात बोललं असेल. पोरीनं भूगोलाचं पुस्तक शेवटी घातलं, कोपरा दुमडलेलं.

"रागात बोलले असतील, सासूबाई. पण एकदा तरी म्हणायचं व्हतं, तिला फोनवर बोलवा."

फाट्यावर तिला सोडायला मी आणि सगुणा गेलो. अंकुशनगरच्या कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा गाडी आली. कंडक्टरनं विचारलं, कुठं बाई. एका हातात पिशवी, एका हातात पदर, पायरी चढता चढता पोर म्हणाली, परतूर, एकच, आणि खिडकीकडं जागा हाय का, मला वाचायचंय. बोलत बोलतच आत गेली. पाय कुठं अडला नाही. मागं वळून बघितलं नाही.

गाडी गेली. आम्ही दोघी गावाकडं निघालो. पोर बोलता बोलता पायरी चढली, हे सगुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "आक्का, पोर परत येईल ना?"

मी थांबले. तिला काय सांगायचं ते मला चालता चालता सांगता येईना.